क्विल्टिंगची मासिकं आणि पॅटर्न्स: काय ठेवायचं, काय देऊन टाकायचं?

लॉगकॅबिन | ११ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार. मी इथे बहुतेक वेळा वाचनमात्रच असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण खरंच अडलंय आणि घरात विचारून काही उपयोग नाही. नवरा म्हणतो सगळं रिसायकलला टाक, लेक म्हणते सगळं स्कॅन कर, आणि मला दोन्ही जमणारं नाही.

आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो. एप्रिलमध्ये हे घर विकून लेकीच्या जवळ दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये जायचं ठरलंय. भांडीकुंडी, सोफे, पुस्तकं सगळं मार्गी लागलं, राहिलंय ते तळघर. मी १९९८ पासून क्विल्टिंग करते, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखी पांघरुणं शिवते, आणि तेव्हापासून मासिकं घेतेय. काल बसून मोजले, ३१२ अंक निघाले. क्विल्टर्स न्यूजलेटर, अमेरिकन पॅचवर्क अँड क्विल्टिंग, लव्ह ऑफ क्विल्टिंग, क्विल्टमेकर आणि थोडे फ्रेंच क्विल्टमानियाचे, जे महाग पडायचे म्हणून वर्षातून एखादाच घ्यायचे. शिवाय सुटे पॅटर्न्स, दुकानातून घेतलेले, वर्कशॉपमध्ये मिळालेले, कुणीतरी झेरॉक्स करून दिलेले, ते दोन मोठ्या खोक्यांत कोंबलेत.

आणि त्यावर अजून तीन खोके आहेत, ते माझे नाहीत. आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे क्विल्टिंगवाल्यांच्या मंडळात, माझी एक मैत्रीण होती, माझ्याहून वयाने खूप मोठी, पाव इंचाची शिवण मला तिनेच शिकवली. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा तिच्या मुलाने हे खोके माझ्या दारात आणून ठेवले, म्हणाला आईने तुझंच नाव सांगितलं होतं. मी ते अजून उघडलेले नाहीत.

क्विल्टर्स न्यूजलेटर तर २०१६ मध्ये बंदच झालं. बॉनी लेमनबाईंनी १९६९ साली कोलोरॅडोत सुरू केलेलं, सत्तेचाळीस वर्षं चाललं. आता नवा अंक कधीच येणार नाही म्हटल्यावर जुना टाकायला हात धजत नाही.

नव्या घरात मला एक कपाट मिळणार आहे, त्यातला अर्धा भाग कापडाला. म्हणजे कागदासाठी साधारण दोन फूट फळी. कुणी असं आवरलं असेल तर कसं केलंत ते सविस्तर सांगा प्लीज.

त्रिकोण | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

ताई, मी न्यू जर्सीत असते, तीन वर्षांपूर्वी मूव्ह केलं तेव्हा यातूनच गेलेय म्हणून लिहिते.

आधी मी ‘आवडतं का’ हा प्रश्न धरून बसले होते आणि तीन रविवार वाया गेले, कारण आवडतं तर सगळंच, म्हणून तर घेतलं होतं ना. मग प्रश्न बदलला. याला कागद लागतो का?

बघा, नाइन पॅच, ओहायो स्टार, फ्लाइंग गीज, तुमचं नाव ज्यावर आहे तो लॉग कॅबिन, यातल्या एकालाही कागद लागत नाही. सरळ रेघांचा ब्लॉक (क्विल्ट ज्या चौकोनांतून जोडतात त्यातला एक) म्हणजे निव्वळ हिशोब. चौकोन असेल तर तयार मापात अर्धा इंच मिळवा (दोन्ही बाजूंची पाव पाव इंच शिवण), हाफ स्क्वेअर ट्रँगल (दोन त्रिकोण जोडून केलेला चौकोन) असेल तर तयार मापात ७/८ इंच, सुतारांच्या भाषेत सात सूत. एकदा हे डोक्यात बसलं की फोटो बघून ब्लॉक कापता येतो. रंगसंगती आवडली असेल तर तेवढा फोटो फोनमध्ये ठेवा, बारा पानं कशाला सांभाळायची.

कागद लागतो तो वक्र शिवणीला. ड्रेस्डन प्लेट, डबल वेडिंग रिंग, ड्रंकर्ड्स पाथ, आणि सगळं अ‍ॅप्लिके (कापडाचे आकार दुसऱ्या कापडावर शिवणं). फाउंडेशन पेपर पीसिंगलाही लागतो, कारण तिथे कागदावरच शिवायचं असतं. ही टेम्प्लेटं, म्हणजे कापड कापायचे साचे, परत काढणं म्हणजे डोकेदुखी, ती ठेवा.

जुने अंक आणि नवे अंक यात पण फरक आहे. ओल्फाचा रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचा) १९७९ मध्ये आला, त्याआधी सगळे पुठ्ठ्याची टेम्प्लेटं करून कात्रीने कापायचे, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या अंकांत साध्या चौकोनाचंसुद्धा टेम्प्लेट छापलेलं सापडतं, आणि पुढे पुढे ‘अडीच इंचाच्या इतक्या पट्ट्या कापा’ हीच भाषा येते. तेव्हा मैत्रिणीचे खोके उघडाल तेव्हा टेम्प्लेट दिसलं की लगेच ठेवायच्या ढिगात टाकू नका, वक्र आहे की सरळ ते बघा. या एका गाळणीने माझे १८० अंक एका फाइलवर आले.

दाभण | १२ जानेवारी, दुपारी १:०५

मी क्विल्टिंगवाली नाही, सातारकडची साधी गोधडी शिवणारी, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आईच्या विणकामाच्या कात्रणांची एक ट्रंक होती. मासिकांतली, पेपरातली, सगळी आडवीतिडवी कापलेली. घर रंगवायला काढलं तेव्हा मी एका सकाळी सगळी रद्दीत दिली. ट्रंक रिकामी झाली म्हणून बरंही वाटलं. दोन महिन्यांनी मुलाच्या स्वेटरला गळा घालायला बसले आणि आठवलं की आई प्रत्येक कात्रणाच्या कडेला पेन्सिलीनं टाके लिहून ठेवायची, कुणाच्या अंगाला किती टाके घातले, लोकर कमी पडली तर काय केलं, सगळं. माझ्या लहानपणीच्या प्रत्येक स्वेटरचा हिशोब त्यात होता. छापलेला नमुना आज कुठेही मिळेल, ते पेन्सिलीचं कुठून आणू.

म्हणून एवढंच सांगते, काहीही द्या, पण पान न पान उलटून द्या. छापलेलं नंतर वाचा, समास आधी वाचा.

कागदवेडी | १३ जानेवारी, पहाटे ५:५०

दाभण, अगदी अगदी.

मी टोरांटोत ग्रंथालयात काम करते, कागदाबद्दल थोडं लिहिते. लॉगकॅबिन, तळघरातले अंक आहेत म्हणून हे महत्त्वाचं.

गुळगुळीत कागदावर चिनीमातीचा पातळ थर असतो. तो ओलसर झाला आणि दाबाखाली तसाच वाळला की पानं एकमेकांना चिकटतात आणि मग ओढलीत तर छपाईच सोलून निघते. असा अंक हाताला लागला तर ओढू नका. वीट झालेल्या अंकाचं काही होत नाही, तो सोडून द्या, जीव लावू नका.

कसर लागलीये का बघा, ती चंदेरी, वळवळणारी, जी खळ खाते. पानांना खवलेखवले उठल्यासारखं दिसलं किंवा काळी बारीक मिरीसारखी घाण दिसली तर तो खोका नव्या घरात नेऊ नका, आणि कुणाला देऊही नका.

स्टेपल गंजल्या असतील तर काढाच. स्टेपल रिमूव्हरने नाही, त्याने कागद फाटतो. मधलं पान उघडून बोथट सुरीच्या टोकाने दोन्ही पाय सरळ करायचे आणि बाहेरून अलगद ओढायची. मधल्या पानावर जिथे पुल-आउट पॅटर्न शीट (नमुन्याचा सुटा करून काढायचा कागद) असते तिथेच गंज सगळ्यात जास्त उतरतो.

प्लॅस्टिकचे पाउच घेताना पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. ते वासाचे, चिकटसर, मऊ असतात ना ते पीव्हीसी, ते शाई ओढून घेतात. आणि कृपा करून लॅमिनेट काही करू नका, ते परत कधी काढता येत नाही.

टेम्प्लेटचा फोनवर फोटो काढून मूळ कागद फेकू नका. कॅमेरा जरा तिरका झाला की माप गेलंच. फ्लॅटबेड स्कॅनरवर पान पूर्ण सपाट, शंभर टक्के मापाने, शेजारी स्टीलची फूटपट्टी ठेवून स्कॅन करा म्हणजे पुढे प्रिंट काढल्यावर एक इंच खरोखर एक इंच आहे का ते पट्टीवरूनच कळतं. प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद.

त्रिकोण | १३ जानेवारी, सकाळी ८:३०

कागदवेडी, मस्त माहिती. एक भर घालते. टेम्प्लेटचं पान काढाल तेव्हा त्यात शिवणीची जागा धरलीये की नाही हे ज्या पानावर लिहिलंय तेही सोबत ठेवा. हाताने शिवायच्या टेम्प्लेटांत बहुतेक वेळा धरलेली नसते. मी ते पान टाकलं होतं आणि एक अख्खी ड्रेस्डन प्लेट लहान झाली, मध्ये गोलाला जागाच उरली नाही.

आणि त्या पॅटर्नची चूकदुरुस्ती पुढच्या एखाद्या अंकात आली होती का हेही बघा, मासिकं छापायची तशी. सापडली तर त्याच पानावर पेनने लिहून टाका.

द्राक्षवेल | १४ जानेवारी, रात्री ९:००

एक सुचवू का, नाशिकहून लिहितेय. इथे आम्हाला हे अंक मिळत नाहीत आणि मिळाले तर भलते महाग. तुम्ही सगळंच स्कॅन करून ड्राइव्हवर टाकलंत तर आम्हा सगळ्यांचा फायदा होईल, तुमचीही जागा मोकळी. खर्च आम्ही वाटून घेऊ हवं तर.

त्रिकोण | १४ जानेवारी, रात्री ९:२५

द्राक्षवेल, भावना कळते पण हे नको. पॅटर्न डिझायनरचं पोट त्यावर असतं, माझी एक मैत्रीण हेच करते आणि एका पॅटर्नमागे तिचे तीनचार महिने जातात. विकत घेतलेला अंक दुसऱ्याला द्या, विका, काही हरकत नाही, तो तुमचाच कागद आहे. पण त्याच्या प्रती वाटणं वेगळं.

कागदवेडी | १५ जानेवारी, पहाटे ५:४०

त्रिकोणशी सहमत. मासिकांच्या बाबतीत अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षांपर्यंत हक्क असू शकतात, म्हणजे १९२८-२९ सालचं छापील आता मोकळं झालंय, नंतरचं एकेक तपासून बघावं लागतं. तुमच्या १९९८ नंतरच्या अंकांचा प्रश्नच येत नाही.

द्राक्षवेल, इथे बऱ्याच ग्रंथालयांत लिबी अ‍ॅपवर क्विल्टिंगची मासिकं फुकट वाचता येतात, तुमचे कुणी नातेवाईक इकडे असतील आणि तिकडे आले तर त्यांच्याबरोबर बसून बघता येतील. आणि साधे ब्लॉक शिकायला मासिक लागतच नाही हे त्रिकोणने वर लिहिलंच आहे. तुम्हाला काय शिवायचंय ते सांगा, हिशोब आम्ही करून देऊ.

द्राक्षवेल | १५ जानेवारी, सकाळी १०:१०

पटलं. मी त्या अंगाने विचारच केला नव्हता. डबल वेडिंग रिंग करायची फार इच्छा आहे, बघू.

लॉगकॅबिन | १ फेब्रुवारी, रात्री ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे रोज रात्री दीड तास, फक्त माझे अंक घेऊन बसले. डायनिंग टेबलवर चार टोपल्या मांडल्या: वक्र, अ‍ॅप्लिके, पेपर पीसिंग, आणि हाताने काही लिहिलेलं. बाकी सगळं जमिनीवर.

३१२ पैकी एकोणीस अंक वीट झालेले निघाले, ते गेले. पहिले तीन दिवस फार जड गेले हे कबूल करते. चौथ्या दिवसापासून हात चालायला लागला, कारण तोच तो पॅटर्न दर दोनतीन वर्षांनी नव्या कापडात, नव्या नावाने परत येतो हे समोर दिसायला लागलं. ओहायो स्टारच मला चौदा वेळा सापडला. एकाच ब्लॉकला वेगवेगळ्या गावांत वेगवेगळी नावं आहेत हे माहीत होतं, बार्बरा ब्रॅकमनबाईंनी तर हजारो ब्लॉक गोळा करून त्यांना नंबर दिलेत ते याचसाठी. पण स्वतःच्या टेबलवर ते चौदा अंक एकाखाली एक ठेवल्यावर सोडणं सोपं गेलं.

दोन पूर्ण वर्षांचे अंक मात्र मी एकही पान न काढता तसेच ठेवलेत. ज्या वर्षी लेक कॉलेजला गेली आणि ज्या वर्षी बाबा गेले. त्या दोन वर्षांत मी रोज रात्री हेच वाचत होते. त्याला गाळणी लावायची माझी इच्छा नाही.

आता देण्याचं. चांगल्या स्थितीतले जवळजवळ दोनशे अंक आहेत. कुणाला अनुभव?

त्रिकोण | २ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

ती दोन वर्षं ठेवलीत ते फार बरं केलंत.

देण्यासाठी आधी गिल्डच्या मीटिंगमध्ये फुकट टेबलावर मांडा, पण सगळे एकदम नाही, दर महिन्याला तीसचाळीस, नाहीतर लोक दबून जातात आणि कुणीच उचलत नाही. सिनियर सेंटर, नवशिक्यांचे क्लास, ग्रंथालयाचे पुस्तकविक्रीवाले, सगळ्यांना फोन करून मगच न्या, बरेच जण मासिकं घेत नाहीत.

पोस्टाने पाठवणार असाल तर एक सांगते, पुस्तकांसाठी जो स्वस्त मीडिया मेल आहे तो मासिकांना चालत नाही कारण त्यात जाहिराती असतात. मी तसं पाठवलं होतं आणि पार्सल परत आलं.

आणि पुल-आउट शीट काढून घेतलेला अंक कुणाला देऊ नका, तो सरळ रिसायकलला. नव्या मुलीने उत्साहाने घरी न्यायचा आणि मधली शीटच नाही, असं नको.

लॉगकॅबिन | २ फेब्रुवारी, रात्री १०:००

हो, हे पक्कं. द्राक्षवेल, मी मे महिन्यात पुण्याला येतेय. डबल वेडिंग रिंगचे तीन अंक तुझ्यासाठी वेगळे काढलेत, शीटसकट. किचनच्या काट्यावर वजन केलं, एक अंक साधारण पाव किलो भरतो, तर बॅगेत अजून सातआठ सहज बसतील. काय हवंय ते लिही.

द्राक्षवेल | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

काय बोलू ताई. तीन खूप झाले. पुण्याला मी स्वतः येईन घ्यायला.

लॉगकॅबिन | २२ फेब्रुवारी, रात्री ११:५५

आज मैत्रिणीचे खोके उघडले.

पहिल्या दोनांत क्विल्टर्स न्यूजलेटर, १९७३ पासूनचे, नंबरवारी लावलेले, मधले फार थोडे गहाळ. तिसऱ्यात एक चपटा पुठ्ठ्याचा डबा होता, त्यात कॅन्सस सिटी स्टारची कात्रणं, तिच्या आईची. हा पेपर १९२८ ते १९६१ पर्यंत क्विल्टचे ब्लॉक छापायचा, त्या काळी शेतावरच्या बायका ते कापून ठेवायच्या. चहाच्या रंगाची झालीयेत, कोपऱ्याला बोट लावलं तर तुकडा पडतो. कागदवेडी, हात लावला नाही, डबा तसाच बंद केलाय, काय करू सांग.

पण लिहायला बसलेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. दाभण, तुम्ही म्हणालात म्हणून मी तिच्या प्रत्येक अंकाचे समास बघत गेले. तिने जो जो क्विल्ट केला त्याच्या पानावर पेन्सिलीनं तारीख, कुणासाठी केला, आणि काय चुकलं. एका ठिकाणी, ‘पाव इंचाहून दोराभर कमी घे, नाहीतर घडीत माप जातं.’ हेच वाक्य ती मला मशीनवर बसवून सांगायची.

आणि २००३ च्या एका अंकात मागच्या कोऱ्या भागावर माझ्या आईची गोधडी होती.

त्या वर्षी मी आईने दिलेली गोधडी गिल्डमध्ये दाखवायला नेली होती. आई वाईची, तिने जन्मात कधी नमुना कागदावर काढला नाही. जुनी लुगडी अंगणात अंथरायची, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घेत आत जायचं. मीटिंगमध्ये या मैत्रिणीने गोधडी मांडीवर घेतली होती आणि बराच वेळ खाली मान घालून बघत होती एवढं मला आठवतं. तिने घरी जाऊन त्याचं चित्र काढून ठेवलं होतं. बाहेरून आत जाणारी धावदोऱ्याची वाट बाणांनी दाखवलीये, दोन ओळींतलं अंतर बोटाच्या रुंदीएवढं, इंचाला चार टाके, आणि कोपऱ्यात दोरा कसा वळतो ते वेगळं मोठं करून. खाली लिहिलंय, ‘कोपरा नीट कळला नाही, तिच्या आईला विचारायचं.’

आई २००६ मध्ये गेली. मला तिने कधी विचारलं नाही, किंवा विचारलंही असेल आणि मी लक्ष दिलं नसेल. ती गोधडी वापरून वापरून विरली, आता तिचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे.

दाभण | २३ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

ताई, वाचून डोळे भरून आले.

कोपऱ्याचं चित्र टाकाल का? वाई आमच्यापासून लांब नाही, माझी सासू त्याच बाजूची. आमच्याकडे कोपऱ्याला दोरा सरळ काटकोनात वळवत नाहीत, एक टाका आडवा तिरका घेतात म्हणजे कोपरा ओढला जात नाही आणि चुणी पडत नाही. तुमच्या आईनेही तसंच केलं असेल तर चित्रात तो एक टाका बाकीच्यांहून लांब दिसेल.

कागदवेडी | २३ फेब्रुवारी, सकाळी ११:००

लॉगकॅबिन, ते पान अंकातून कापू नकोस, अख्खा अंकच पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत ठेव. पेन्सिल उडत नाही पण घासली जाते, तेव्हा समोर एक कोरा बिनआम्लाचा कागद घाल. कात्रणांना दोन ताठ पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून हलव, उभं नको. त्यांचं मी तुला निरोपात सविस्तर लिहिते, एकदाच वरून उजेड टाकून फोटो घेतले की परत परत हाताळायला नकोत.

लॉगकॅबिन | २३ फेब्रुवारी, रात्री ८:१५

दाभण, भिंग घेऊन बसले आत्ता. चारपैकी तीन कोपऱ्यांत तो टाका लांब आहे आणि तिरका आहे. तिने तिन्ही ठिकाणी शेजारी प्रश्नचिन्ह काढलंय. चौथ्या कोपऱ्यात नाही, तिथे दोन टाके एकावर एक दिसतात, म्हणजे सुरुवातीची गाठ असेल का?

पेन्सिल फिकट आहे, दिव्यात फोटो नीट येत नाहीये. उद्या सकाळी खिडकीपाशी धरून काढते आणि टाकते. तुमच्या सासूबाईंना दाखवाल?

दाभण | २३ फेब्रुवारी, रात्री ८:४०

दाखवते ना. चौथा कोपरा सुरुवातीचाच, तिथे गाठ मारत नाहीत, टाक्यावर टाका घेऊन दोरा पक्का करतात, गाठ अंगाला टोचते म्हणून. फोटो टाका, त्यांना चष्मा लावून बसवते.